फिरून पहिल्यावर

उजव्या हाताच्या करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा टेकवायचा, तिथून एकेक पेर सरकत चार बोटांची बारा पेरं संपवायची, मग डावा हात उघडायचा आणि त्याची पाच पेरं मोजायची. झाले सतरा. सतरावं पेर म्हणजे डाव्या अनामिकेचं मधलं. तिथं अंगठा क्षणभर दाबून धरायचा आणि पुन्हा उजव्या करंगळीवर येत म्हणायचं, "फिरून पयल्यावर."

मोजायला समोर काही नसलं तरी चालायचं. एसटीची वाट बघताना, चहा उकळेपर्यंत, आमच्या संगणकाच्या वर्गातलं मशीन सुरू व्हायला जी चार मिनिटं घ्यायचं त्या चार मिनिटांत, मी ज्यांना शिकवलं त्या एका काकांचा अंगठा आपला पेरांवरून चाललेला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांच्या तोंडात देवाचं नाव असतं. यांच्या तोंडात सतरा खातेदारांची नावं असायची.

आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की पाहुणे आले की मुलगीच म्हणते, "बाबा, ती अमावस्येची सांगा." मी सांगतो, सगळे हसतात, बायको चहा टाकायला उठते आणि गोष्ट तिथंच थांबते. पुढची मी कधी कुणाला सांगितलेली नाही. आज सगळी लिहून काढतो आहे. हसण्याची जागा मध्येच येऊन जाईल, तेवढी हसून घ्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीत संगणक शिकवत होतो. हे वाक्य लिहितानाही मला थोडी लाज वाटते. मी मूळचा साताऱ्याचा, बीएस्सीला काठावर पास झालेला, आणि पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला. विद्यार्थ्यांच्या मी नेहमी आठ पानं पुढं असायचो. सणावाराचे दिवस आले की ते अंतर दोन पानांवर यायचं.

वर्ग म्हणजे खाली झेरॉक्स आणि एसटीडी बूथ, आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की एक खोली. चार मशीनं, त्यातली तीन चालू. चपला बाहेर काढायच्या, कारण आमच्या मालकांच्या मते मशीनला व्हायरस धुळीतून होतो. मालक सांगायचे आणि मी मान डोलवायचो. माझंही मत तेच होतं.

श्रावणातल्या एका सकाळी ते काका जिना चढून आले. पन्नाशी ओलांडलेली, पांढरा सदरा, खाकी पँट पोटरीपर्यंत दुमडलेली आणि पायांवर वाळलेला काळा चिखल. खांद्याला प्लास्टिकचा छोटा पाण्याचा कॅन. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी त्या कॅनमधलं पाणी काटकसरीनं ओतून पाय धुतले, रुमालानं पुसले आणि मग आत पाऊल टाकलं.

"अहो, झेरॉक्स खाली," मालक म्हणाले.

"झेराक्स न्हाई. मला प्रोग्राम शिकायचाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकाकडं.

"कशासाठी शिकायचाय, काका?"

"पाळ्या लावायला," ते म्हणाले.

ते पाटकरी होते. सांगलीहून तासगावकडं जाताना आत असलेल्या त्यांच्या गावात नदीवरून पाणी उचलणारी एक संस्था होती. नदीकाठी मोटार, तिथून पाइप, पाइपाला आठ फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर पंधरा-वीस खातेदार. एका फाट्याचं पाणी एका दिवशी एकालाच. आज कुणाची पाळी, उद्या कुणाची, हे लक्षात ठेवायचं, सायकलवरून घरोघर जाऊन सांगायचं आणि कॉक फिरवायचा, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं ते करत होते. वही होती, पण ती दाखवण्यापुरती. आठही फाटे त्यांच्या बोटांच्या पेरांवर होते.

आता संस्थेनं संगणक घ्यायचं ठरवलं होतं. चेअरमननी त्यांना सांगितलं होतं, "दिवाळीनंतरच्या फेराची यादी मशीनवरनं निगाली पायजे. तुला येत आसंल तर तू काड. न्हाईतर आमचा पुतण्या पुण्यास्नं शिकून आलाय, तो काडंल." मध्ये तीन महिने होते.

"यादी पुतण्यानं काढली तर तुमचं काय बिघडतं?" मी विचारलं. आठ पानं पुढं असणारा माणूस असेच प्रश्न विचारतो.

त्यांनी पडद्याकडं मान वळवली. मशीन सुरू होत होतं. अंगठा पेरांवर चालू होता.

त्यांची टायपिंगची पद्धत बघायला झेरॉक्सवाली माणसं वर यायची. उजव्या हाताच्या एका बोटानं, भुईमुगाचं बी टोकावं तसं एकेक अक्षर ते टोकत जायचे. एक अक्षर टोकलं की पडद्याकडं बघायचं, उगवलं का. उगवलं की पुढचं. जुनी सातवी झालेले होते, आणि इंग्रजी अक्षरं मोटारीवरच्या पट्ट्या वाचून पाठ झालेली.

आम्ही बेसिक शिकवायचो. त्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे, आणि रिवाज असा की दहा, वीस, तीस असे दहा-दहाच्या अंतरानं द्यायचे, म्हणजे मागाहून मध्ये एखादी ओळ घालता येते. बाकी पोरं हे वहीत उतरवून पुढं गेली. ते थांबले.

"म्हंजे मदी जागा ठेवायची?"

"हो."

"आयला," ते म्हणाले. "हे बरं केलंय कुनीतरी."

मग MOD आला. एका संख्येला दुसरीनं भागून उरणारी बाकी देणारी ही क्रिया. तो धडा शिकवायची मला धास्ती होती, कारण ही बाकी काढून माणसानं करायचं काय, हे मलाच कळलं नव्हतं. पुस्तकातलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. पोरांनी ते वहीत उतरवलं.

त्यांनी डावा हात उघडला. "आवं सर, हे तर पाळीच हाय. पस्तिसावा दिस घ्या. सतरा टाकून द्या, एक फेर गेला. आनखी सतरा टाकून द्या, दुसरा गेला. उरला एक. पस्तिसावा दिस पयल्याचा. फिरून पयल्यावर."

मी त्यांना MOD शिकवला असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं काय ते तुम्हाला आता कळलंच.

एकदा मी त्यांना वर्गातल्या माठातलं पाणी घ्या म्हणालो. त्यांनी आपला कॅन उचलून दाखवला. मला वाटलं, सांगलीचं पाणी सोसत नसेल. तसं मी बोलूनही दाखवलं. तेव्हा ते हसले, आणि समोरच्या गाड्यावर चहा घेताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "माजा बा पाटाच्या कडंला वंजळ करून हुबा ऱ्हायचा. कुनीतरी वरनं वतंल म्हनून. सकाळचा गेला तर उनं वर यीस्तवर. मंग आमी धम्म घेतला, बानं तिथं हुबं ऱ्हायचं सोडलं, हीर खांदली. पाटकऱ्याचं काम मला मिळालं ते चिखलात फिराया कुनी तयार नव्हतं म्हनून मिळालं. पर आता गावात पानी कुनाचं, हे मी सांगतो. चेअरमनलाबी मीच सांगतो, तुमची पाळी मंगळवारी."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "म्हनून पुतन्यानं यादी काडली तर बिघडतं, सर."

मी दोघांच्या चहाचे पैसे द्यायला उठलो, तर त्यांनी आधीच दिले होते.

यादी आम्ही पहिल्या फाट्यापासून धरली. सतरा खातेदार, पाइपाच्या तोंडापासून शेपटापर्यंत ओळीनं एक ते सतरा. रोज एकाची पाळी. अडचण होती ती अमावस्येची. त्या दिवशी गावात औत धरत नाहीत, मोटारही चालू करत नाहीत. त्या दिवसाची पाळी बुडत नाही, पुढं सरकते.

"तुम्हीही पाळता अमावस्या?" मी विचारलं.

"आमच्यात न्हाई मानत. पर पानी सगळ्यांचं हाय. त्येंची आमुशा मी एकोनीस वर्सं सांबाळतोय."

प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. वर्षातल्या सगळ्या अमावस्या कॅलेंडर बघून टोकल्या. वर विचारायचं, आज अमावस्या आहे का? नसेल तर नाव छापा, पाळी आणि दिवस दोन्ही एकानं वाढवा, परत वर जा. असेल तर नुसतं 'AMAVASYA' असं छापा आणि परत वर जा. मी वरवर बघितलं. मला ठीक वाटलं. मी प्रिंटर सुरू केला आणि खाली फोन आला म्हणून गेलो.

फोन साताऱ्याहून आईचा होता, म्हणजे लांबला. वर आलो तेव्हा प्रिंटर करकरत होता आणि कागदाच्या घड्या टेबलावरून उतरून, खुर्चीखालून, दारापर्यंत आल्या होत्या. कागदभर एकच. अमावस्या. अमावस्या. अमावस्या. ते खुर्चीत अंग चोरून बसलेले.

"सर, आमुशा सरंना," ते म्हणाले.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. मालक वर आले, त्यांनी एक घडी उचलली, दुसरी उचलली, आणि बसक्या आवाजात म्हणाले, "वर्षात बारा असतात ना हो? ह्या किती?"

इथं आमच्या घरात सगळे हसतात.

चूक साधी होती. अमावस्या आली की प्रोग्रॅम वर जायचा, पण दिवस वाढवायचा नाही. वर जाऊन परत विचारायचा, आज अमावस्या आहे का? आजच होती. परत वर. मी ते पडद्यावर बोट ठेवून समजावलं.

"पर आमुशाला काय करायचं नसतं," ते म्हणाले. "मंग दिस तरी कसा ढकलायचा?"

"इथं दिवस आपोआप जात नाही, काका. अमावस्या असली तरी तो आपणच ढकलायचा. पाळीचा आकडा तसाच ठेवायचा, पण दिवस ढकलायचा."

त्यांनी पडद्याकडं बघितलं. "भाईरबी तसंच हाय की," ते म्हणाले, आणि मधल्या जागेत एक ओळ टोकली.

प्रोग्रॅम चालला. त्यांनी तो सगळा एका पानावर छापून घेतला, कारण संस्थेत कागद दाखवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. मग यादी छापली. आता रोज एक नाव येत होतं. ते बोट लावत खाली आले आणि सतराव्या दिवसावर थांबले. तारीख होती. पुढं काही नव्हतं.

"हितं मी पायजे," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की सतरावे खातेदार ते स्वतःच. पाइपाच्या शेपटाला बारा गुंठे रान. यादी करताना स्वतःला त्यांनी शेवटी घातलं होतं, आणि इतके दिवस ते मला सांगितलं नव्हतं. आधीच्या ढिगातही ती ओळ रिकामीच असणार, पण तेव्हा मी कागद आवरत होतो.

मी पुस्तक उघडलं. सतराला सतरानं भागलं की बाकी शून्य, आणि शून्य नंबरला आम्ही कुणाचं नाव दिलेलं नव्हतं. "बाकी शून्य म्हणजे कुणी उरला नाही, काका. म्हणून मशीन काही छापत नाही."

"उरला कसा न्हाई? मानूस हाय की!"

"तसं नाही. थांबा, उपाय आहे." उपाय मी त्याच दिवशी सकाळी वाचला होता. शून्य आलं तर सतरा समज, अशी एक ओळ घालायची. साठ आणि सत्तरच्या मध्ये पासष्ट नंबरची ओळ घातली. यादी पडद्यावर परत काढली. सतराव्या दिवसासमोर त्यांचं नाव आलं.

मला वाटलं ते खूश होतील. ते पासष्टच्या ओळीकडंच बघत होते.

"सोळा जनांस्नी मिळून एक वळ. आन मला येगळी."

"काय फरक पडतो, काका? काम झालं ना?"

"ती वळ कुनी खोडली तर?"

"कोण खोडणार?" मी म्हणालो.

राहिला प्रश्न कागदाचा. प्रोग्रॅमचं पान आधीच छापलं होतं, आणि त्यात पासष्ट नव्हती. परत छापायचं तर मालकांकडं पान मागावं लागलं असतं, आणि अमावस्यांचा तो ढीग निघाल्यापासून मालक कागद मोजून देत होते. मी फाटलेल्या पानाच्या एका तुकड्यावर ती एकच ओळ छापली आणि टाचणीनं मागं लावून दिली. मला त्या वेळी ते फार चतुराईचं वाटलं होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संस्थेच्या ऑफिसात बैठक झाली. त्यांनी मला आग्रहानं नेलं. आठही फाट्यांची वर्षभराची यादी त्यांनी काखेत धरली होती. ती टेबलावर पसरली, आणि सगळे संचालक आपापलं नाव शोधायला वाकले. ते स्वतः दाराजवळ उभे होते. एकेक बोट यादीवरून खाली जाताना बघत होते.

"झ्याक!" चेअरमन म्हणाले. "म्हंजे वरीसभराचं एकदम निगालं व्हय?"

"व्हय. आमुशासकट."

"मंग रोज घरोघर सांगत हिंडायची गरजच काय? यादी मोटारीच्या खोलीवर डकवू. ज्येनं त्येनं बगायची, ज्येनं त्येनं कॉक फिरवायचा." त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "खरंच लय मोठं काम केलंस, गड्या. आता तुला फिरायचा तरास न्हाई."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटत होतं सत्कारच चाललाय. दोन टाळ्या झाल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं. अंगठा डाव्या अनामिकेवर होता आणि तिथंच राहिला होता. पहिल्यावर आला नाही.

एकोणीस वर्षांचं काम त्यांनी तीन महिने खपून, एका बोटानं, स्वतःच संपवलं होतं. आणि शिकवणारा मी होतो.

फ्लॉपी न्यायला ते एकदा वर्गात आले. पुतण्याकडं द्यायची होती. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली. जिन्यात वळून विचारलं, "ती पासष्टची वळ हाय न्हवं ह्येच्यात?"

"आहे, काका."

"मंग झालं."

पुढच्या जूनमध्ये मला साताऱ्यातल्या एका शाळेत संगणकाचा मास्तर म्हणून घेतलं आणि मी सांगली सोडली. तिथं माझ्या मशीनची पहिली कामगिरी म्हणजे वर्ग झाडायच्या पाळ्यांची यादी. ती मी काढली, भिंतीला लावली आणि शाबासकी घेतली. दिवाळीच्या सुटीआधी लक्षात आलं की शेवटच्या नंबरचा पोरगा चार महिने एकदाही न झाडता बसला होता आणि त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. मी पासष्टची ओळ विसरलो होतो. पोराच्या दृष्टीनं ती मास्तरची कृपा होती.

ओळ घालायला बसलो आणि एकदम सुचलं. मोजायला सुरुवातच शून्यापासून करायची. दिवसातून एक आधी कमी करायचा, मग बाकी काढायची, आणि आलेल्या उत्तरात एक मिळवायचा. सतराव्या दिवसाचे होतात सोळा, बाकी सोळा, अधिक एक, सतरा. अठराव्याचे सतरा, बाकी शून्य, अधिक एक, म्हणजे पहिला. फिरून पहिल्यावर! शून्याला वेगळं काही सांगावंच लागत नाही. सतराही जणांना एकच ओळ.

हा मला आयुष्यात लागलेला एकमेव शोध. जगाला तो कधीच लागलेला होता, हे पुढं कळलं. पण त्या दिवशी मी तो एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला. त्यांना नेऊन द्यायचा म्हणून.

दिवाळीत जाणार होतो, पण घरी रंगकाम निघालं. संक्रांतीला मुलगी आजारी. मग परीक्षा. जाऊ जाऊ म्हणता मे उजाडला.

एसटीतून उतरलो तर समोरच मोटारीची खोली. भिंतीवर प्लास्टिकखाली यादी. नवीन वर्षाची, नव्या प्रिंटरची, अक्षरं झकपक. मी पहिल्या फाट्याच्या यादीवर बोट ठेवलं आणि उगाचच मोजत खाली आलो. सतराव्या दिवशी तारीख होती आणि पुढं रिकामं. रिकाम्या जागेत माशीनं घाण करावी तसा एक बारीक काळा ठिपका. आणखी सोळा नावं सोडून खाली, पुन्हा रिकामं.

संस्थेत पुतण्यानं माझं चांगलं स्वागत केलं. पोरगा वाईट नव्हता. सरबत मागवलं.

"तुमच्याच प्रोग्रॅमवरनं केलाय, सर. जुनी फ्लॉपी ह्या मशीनला बसंना, मग छापलेल्या पानावरनं सगळा टाइप केला."

"मागं टाचणीनं लावलेला तुकडा?"

"तुकडा होता मागं?" त्यानं खरंच आठवून बघितलं. "टाचणी गंजलेली होती एक. ती काढून टाकली."

"सतराव्या दिवशी कुणाचंच नाव येत नाही, अहो."

"हां, तो मोकळा दिवस. बाकीच्या फाट्यांवरपण येतो, पण तिथले लगेच भांडायला आले, त्यांची नावं हातानं घातली. पहिल्या फाट्यावर काय, काकांचं बारा गुंठं. ते एकटेच. तेव्हापासून त्या दिवशी पाणी चेअरमनसाहेबांच्या बागेला जातं. तिथं निकड असते." मी चिठ्ठी पुढं केली. त्यानं वाचली, त्याला ती कळलीही. "भारी आहे, सर. पण ह्या सालची यादी छापून झाली. पुढच्या वर्षी बघू."

तिथून मी पाइपाच्या कडेनं शेपटापर्यंत चालत गेलो. बारा गुंठ्यांत चाऱ्याचं कडवळ वाळून उभं होतं. बांधावर त्यांची कारभारीण खोऱ्यावर हात ठेवून बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर पदर सावरून उठली.

"सर व्हय तुमी? लय नाव काडत्यात तुमचं. ते न्हाईत हितं. शिमगा झाल्यावर पुन्याकडं गेलं. कारखान्यावर वाचमन."

"पाण्याचं बोलले नाहीत संस्थेत?"

"गेलं की दोनदा. पासष्टची वळ, पासष्टची वळ, म्हनून सांगत हुते. पोरगं म्हनलं, मशीननं काडलीया, मशीनला इचारा. मंग काय बोलनार? मशीन चुकत न्हाई, हे गावाला ह्येंनीच सांगितल्यालं. तरीबी दर फेराला मोटारीच्या खोलीवर जायचे, खिशात पेन्सील घिऊन. आज माजी पाळी हाय म्हनायचे, भितीवर कायतरी करायचे आन माघारी यायचे. मी आपली तवापास्नं खोरं घिऊन येते. सवं लागली."

मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. ही त्यांना पत्रातून पाठवा, म्हणालो, सगळ्यांना एकच ओळ लागते असं कळवा. तिनं ती घडी करून कनवटीला लावली.

"तिकडं बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं म्हंजे, तितंबी पाळ्या हायत म्हनं. तीन. बाकीच्यांच्या बदलत्यात, ह्येंची कायमची तिसरी, रातची. इचारलं ह्येंनी, तर म्हनले, वय झाल्यालं मानूस, तिसरीच बरी." तिनं वाळल्या कडवळाकडं बघितलं. "तितं फिरून पयल्यावर येत न्हाई, म्हनत्यात."

चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. पोचली की नाही, तेही मला माहीत नाही.

परतीच्या एसटीला वेळ होता. मी पुन्हा मोटारीच्या खोलीपाशी गेलो. प्लास्टिकची खालची कड उचकटलेली होती, आत हात जाईल एवढी. ते ठिपके माशीचे नव्हते. पेन्सिलीचे होते, टोक नीट दाबून दिलेले, बी टोकल्यासारखे. दर सतरा पाळ्यांनी एक, बरोबर रिकाम्या जागेत. मी मोजले. सात होते. आठवी रिकामी ओळ शिमग्यानंतरची. तिच्यात काही नव्हतं. नवव्या ओळीतही नव्हतं. खाली यादी दिवाळीपर्यंत होती.

आत मोटार चालू होती, आणि पाइपातून पाणी कुणाकडं तरी चाललं होतं. आज पाळी कुणाची ते बघायला मी यादीवर बोट नेलं आणि परत घेतलं. एसटी येईपर्यंत डाव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा दाबून मी तिथं उभा राहिलो.